चौथ्या फोटोतला ठिपका

अंकलना आकाशाकडे बघताना मी कधी पाहिलं नाही. रिटायर झाल्यापासूनची सगळी वर्षं त्यांनी लघुग्रह शोधण्यात घातली, पण त्यांच्याकडे साधी दुर्बीण नव्हती आणि रात्री नऊला ते झोपून जात. एकदा चंद्रग्रहण होतं, चंद्र उगवतानाच ग्रासलेला दिसणार होता. मरोळ गावठाणातली पोरंटोरं संध्याकाळपासून गच्च्यांवर चढली होती, म्हाताऱ्या माणसांनी अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. मी धावत जिना चढून त्यांचं दार वाजवलं.

"अंकल, या ना बाहेर. दिसायला लागलं."

आतून आवाज आला, "ते दिसणार हे सगळ्यांना आधीच माहीत हाय ना? मग बघायचं काय त्यात?"

मी त्यांची भाडेकरू. कणकवलीहून आले होते. साकीनाक्याच्या एका शाळेत सकाळच्या सत्रात मराठी शिकवायची नोकरी लागली आणि कुणीतरी हे घर सुचवलं. घर जुनं, दुमजली, बाहेरून लाकडी जिना. वर अंकल, खाली आंटी, आणि बाजूला पूर्वी भात साठवायची खोली होती, ती भाड्याने द्यायची. पहिल्या भेटीत अंकलनी मला वर बोलावून विचारलं, "फोनवर जोरात बोलतेस?"

"नाही."

"मग कशी बोलतेस?"

"हळू."

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "होल्डवर ठेवतो."

मी तोंड पाडून खाली आले. अंगणात फुलाफुलांचा झगा घातलेली एक बाई मिरच्यांची देठं काढत बसली होती. "काय म्हणाला वरचा?" तिने विचारलं.

"होल्ड म्हणाले."

"म्हणजे राहा तू. त्याचं होल्ड सुटायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील." आणि तिने झग्याच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. याच आंटी.

या होल्डचा उलगडा मला नंतर झाला. साकीनाक्याला बेअरिंगचा एक कारखाना होता. तिथे अंकल तपासणी विभागात होते. भिंगाखाली पोलादी गोळ्या धरायच्या. चांगली असेल ती पास, चरा असेल ती रिजेक्ट, आणि शंका असेल ती होल्डच्या डब्यात. बाकीच्यांचे होल्डचे डबे रिकामे असत, अंकलचा भरून वाहायचा. कारखाना बंद पडला, पण तो डबा त्यांनी मनात तसाच ठेवला. कोळीण दारात पापलेट घेऊन आली की ते मासा उचलून नाकाशी धरत, कल्ला उघडून बघत आणि परत टोपलीत ठेवून म्हणत, "होल्ड." ती चिडायची. "होल्ड म्हंजे काय रं बाबा, घेतोस का नाय?" लग्नाच्या पत्रिका, डोळ्यांचं ऑपरेशन, मुलाने पाठवलेलं न्यूझीलंडचं तिकीट, सगळं होल्डवर. तिकिटाची तारीख निघून गेली तेव्हा म्हणाले, "बघ, नाहीतरी जाणं झालंच नसतं."

पाठीमागे आंटी त्यांना 'वरचा' म्हणत. अंकल आंटींना 'ती' म्हणत. एका घरात राहून ही दोघं नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हती. मुलगा परदेशी गेला तेव्हा अंकल आपली गादी घेऊन वर गेले, की आंटींनी पाठवली, यावर गावठाणात दोन मतं होती. कोर्टकचेरी नाही, भांडण नाही. दुपारी आंटी ताट वाढून पायरीवर ठेवत आणि भांड्यावर चमचा वाजवत. अंकल येऊन घेऊन जात. रिकामं ताट धुऊन त्याच पायरीवर परत. माझ्या आधीच्या भाडेकरूंनी जे काम केलं असणार ते आता माझ्याकडे आलं.

"वरच्याला सांग, टाकीत पाणी चढवलंय."

"तिला सांग, ऐकलं."

"ऐकलं म्हणतात," मी सांगायची, आणि आंटी म्हणत, "ऐकलं ते मी पण ऐकलं."

रविवारी मुलाचा फोन यायचा. आधी खाली. आंटींचं बोलून झालं की दहा मिनिटांनी वर वाजायचा. तिकडच्या थंडीची तीच बातमी एकाच घरात दोनदा यायची. अंकल फार बोलत नसत. 'हां, हां' करत आणि शेवटी म्हणत, "बरं, बिल येईल तुला."

शाळा साडेबाराला सुटायची. दुपार माझ्या अंगावर यायची. मुंबईत माझी कुणाशी ओळख नव्हती. शाळेतल्या बाया आपापल्या घरी पळत. मी खोलीत पडून वरून जाणारी विमानं मोजायची. एकदा जिन्याखालून जाताना वरून बोलणं ऐकू आलं.

"अरे, तू? परत आलास होय? बस बस."

मला बरं वाटलं, कुणीतरी पाहुणा आला म्हणून. थोड्या वेळाने आंटींनी चहाचं विचारायला मला वर पाठवलं, तर खोलीत अंकल एकटेच. खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवलेला, पंखा बंद, घामाने बनियन अंगाला चिकटलेला, आणि समोर कंप्युटरच्या पडद्यावर राखाडी रंगावर काळे ठिपके.

"कोण आलंय?" मी विचारलं.

त्यांनी पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा. गेल्या वर्षी पण आलेला."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. दूर समुद्रातल्या एका बेटावर, डोंगरमाथ्यावर, मोठी दुर्बीण आहे. ती आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने चार फोटो काढते. असे संच जगभरच्या हौशी लोकांना पाठवले जातात. एक सॉफ्टवेअर असतं. ते चारही फोटो ताऱ्यांवर तारे बसवून जुळवतं आणि एकामागून एक दाखवत राहतं. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका एका फोटोतून दुसऱ्यात थोडा सरकतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात तेवढाच, त्याच दिशेने, तो लघुग्रह. त्यावर क्लिक केलं की सॉफ्टवेअर त्याची आकाशातली नेमकी जागा आणि तेज सांगतं. माहीत असलेल्यांची नावं ते स्वतःच बाजूला लिहितं. नाव नसलेला दिसला तर त्याची मापं कळवायची.

"आणि फोटो उलटा का? आकाश पांढरं, तारे काळे?"

"पुसट डाग पांढऱ्या कपड्यावर लवकर दिसतो. तिला विचार."

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी वर जायला लागले. ते मला स्टुलावर बसवत. "काय दिसतं?"

"ठिपके."

"हलतं काय?"

"काहीच नाही."

"मग उद्या ये."

असं बरेच दिवस चाललं. त्यांची एकच शिकवण होती, आधी फुंकर मार, मग बोल. पडद्यावर धुळीचा कण असला तरी माणूस त्याला ग्रह म्हणून बसतो. एका दुपारी उजव्या कोपऱ्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं. इतकं पुसट, की थेट बघितलं की जायचं. पुन्हा चार फोटो फिरले. पुन्हा सरकलं. मी फुंकर मारली. ते तिथेच होतं.

"अंकल, हा चालतोय."

त्यांनी क्लिक केलं. बाजूला एक आकडा उमटला. "ओळखीतला निघाला," ते म्हणाले. माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "ओळखीतल्याला नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. रागवायचं नाय त्याच्यावर." आणि खरंच, त्या ठिपक्याला त्यांनी दोन बोटं कपाळाला लावून सलाम केला.

या कामाला निदान दोघांचा गट लागायचा. आतापर्यंत त्यांनी मुलाचं नाव दुसरं लावून भागवलं होतं. मग एके दिवशी म्हणाले, "टीचर, तुझं नाव टाकलंय दोन नंबरला." गटाचं नाव होतं 'मरोळ गावठाण'. तिकडे त्या बेटावर कुणीतरी हे नाव वाचत असेल या कल्पनेने मला फार हसू आलं. अंकल हसले नाहीत. "मग काय लिहायचं? राहतो तिथलंच नाव लिहिणार ना?"

बाकी लोक दहा दहा ठिपके कळवत, त्यातले आठ खोटे निघत. अंकलचा एकही कधी खोटा निघाला नव्हता, कारण ते क्वचितच काही कळवत. शंका आली की होल्ड. मुदत संपायची आणि ठिपका तसाच जायचा. मी एकदा म्हटलं, "पाठवायला काय जातं? ते लोक तपासतीलच ना." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फुटकी गोळी पास करायला सांगितली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावाला गेले नाही. आई भावाकडे गेली होती, घराला कुलूप होतं. त्या सुट्टीत अंकलना तो दिसला.

पहिल्या फोटोत एक धूसर डाग. दुसऱ्यात, तिसऱ्यात तसाच, सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. बाजूला नाव नाही. चौथ्या फोटोत तो जिथे असायला हवा होता तिथे एक ठळक तारा होता, आणि त्या ताऱ्याच्या झळाळीत काहीच वेगळं दिसत नव्हतं. अंकलनी पडद्यावर फुंकर मारली. सदऱ्याने काच पुसली. आकडे बदलून पाहिले, फोटो गडद केला, फिका केला. दुपारचं ताट पायरीवर तसंच राहिलं. आंटींनी तीनदा चमचा वाजवला.

"वरच्याला काय झालं?" मी खाली गेले तर आंटी दारातच उभ्या. "ताप हाय काय?"

"नाही हो. त्यांना एक सापडलाय. नवीन वाटतोय, पण पाठवत नाहीयेत. चौथ्या फोटोत दिसत नाही म्हणून अडलेत." आणि सहज म्हणून मी पुढे बोलले, "नवीन असला आणि पुढे पक्का झाला ना, तर ज्याने शोधला त्याला नाव सुचवता येतं म्हणे. खूप वर्षं लागतात, पण मग ते नाव कायमचं."

आंटी ताट उचलत होत्या. त्यांनी ते परत खाली ठेवलं. "कुणाचं पण?"

"हो. कुणाचंही."

त्या आत गेल्या, मीही गेले. चुलीपाशी पाटावर बसून त्यांनी मला जे सांगितलं ते सरळ, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. परदेशी गेलेल्या मुलाच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. दिवस भरायच्या आधीच. आंटी शुद्धीवर नव्हत्या. नर्स बाळाला घेऊन बाहेर आली आणि अंकलना म्हणाली, हिचा भरवसा नाही, बाप्तिस्मा उरकून घ्या. आमच्यात फादर नसले तरी चालतं, आंटी म्हणाल्या, कुणीही डोक्यावर पाणी घालायचं, नाव घ्यायचं, झालं.

"नाव आम्ही ठरवलेलं. त्याला माहीत होतं. पण हा म्हणाला, डॉक्टर सकाळपर्यंत बघू म्हणतात, थांबू. फादर येऊ दे, नीट करू." त्यांनी झग्यावरची मिठाची कणी झटकली. "सकाळ झाली नाय तिची."

चुलीतलं लाकूड त्यांनी आत सारलं.

"सिमेट्रीत भिंतीजवळ पुरली. क्रूसावर काय लिहिणार? नाव नाय. आता तिथे दुसऱ्यांचे क्रूस आलेत. मी म्हटलं त्याला, तू ते नाव एकदा जरी घेतलं असतंस. त्यावर तो तेव्हापासून गप्प. मी पण नाय घेतलं. म्हटलं आधी त्याने घ्यावं."

"काय होतं नाव?"

"तुला कशाला सांगू, बाय? त्याने पहिल्यांदा घ्यायचं ना?"

मग त्या उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत बाहेर आल्या आणि जिना चढायला लागल्या. मी तिथे राहायला आल्यापासून त्यांना त्या जिन्यावर चढताना पाहिलं नव्हतं. अर्ध्यावर दम लागला, कठडा धरून थांबल्या. वर दार उघडंच होतं. अंकलची खुर्ची करकरली.

"या वेळी थांबू नको," आंटी तिथूनच म्हणाल्या. मोठ्याने नाही. "ऐकलं काय?"

आंटी पाठमोऱ्या झाल्या आणि एकेक पायरी करत खाली उतरल्या. ताट पुन्हा गरम केलं.

मी वर गेले तेव्हा अंकल हात मांडीवर ठेवून बसले होते. पडद्यावर चार फोटो एकामागून एक फिरत होते. तो डाग सरकत होता, सरकत होता आणि ताऱ्यात जाऊन बुडत होता.

"टीचर, तुला दिसतो काय चौथा?" त्यांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. "नाही दिसत, अंकल."

"मला पण नाय." खाली कुणाची तरी रिक्षा वळत होती, मागे घेत होती, पुन्हा वळत होती. "पण तो कुठे जाईल? तिथेच असणार ना?" असं म्हणून त्यांनी तिन्ही जागांची मापं घेतली, चौथी ताऱ्यामुळे दिसत नाही असं लिहिलं, आणि पाठवून दिलं. मग ते खाली पायरीवरचं ताट आणायला गेले.

काही आठवड्यांनी कळलं, प्राथमिक नोंद झाली आहे. पुढे आणखी कुणाला तो दिसायला हवा, त्याची वाट ठरायला हवी. मी खाली जाऊन सांगितलं. आंटींनी त्या दिवशी फुगे केले, त्यांच्या सणाला तळतात ते गोल, गोड, मऊसर. एका ताटलीत चार मला, एका ताटलीत वरच्याला. त्या महिन्यांत घरात काही बदललं असं नाही. चमचा वाजायचा, ताट जायचं. फक्त रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटपून आल्यावर आंटी मला विचारायच्या, "आला काय त्याचा निरोप?" मी नाही म्हणून मान हलवायची. कधी वरून प्रश्न यायचा, "तिने काही विचारलं?" मी हो म्हणायची. अंकल पडद्याकडे तोंड करून म्हणायचे, "वेळ लागतो, सांग. दहा वर्षं पण लागतील." हा निरोप मात्र मी खाली पोचवला नाही. आंटींचं वय मला दिसत होतं.

एप्रिलच्या शेवटी निरोप आला. मी शाळेच्या परीक्षेचे पेपर वरच बसून तपासत होते. तिथे कागद लावलेला असल्यामुळे ऊन कमी असायचं. अंकलनी मेल उघडली, वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. मग मला म्हणाले, "तू वाच."

लिहिलं होतं की आमचा ठिपका खरा आहे. चौथी जागा आम्ही म्हणालो होतो तिथेच, त्या ताऱ्याच्या झळाळीतच होती. पण जुन्या नोंदींशी तपासून पाहिल्यावर असं दिसलं की तो आधी एकदा, फार वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कुणाला तरी दिसला होता आणि मग हरवला होता. आता दोन्ही नोंदी जुळल्या. शोध त्यांचा धरला जाईल. आमचे आभार मानले होते.

"म्हणजे नाव..." मी म्हटलं.

"ते लोक ठेवतील."

माझ्या मनात आलं, आता हे मला सांगतील, तिला सांग. मी पेपर गोळा केले आणि उठायच्या बेतात होते. नेहमीप्रमाणे मीच जिना उतरून सांगणार होते, आणि तो निरोप कसा सांगायचा हे मला कळत नव्हतं. पण अंकल स्वतः उठले. खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला, सगळी बटणं लावली, केसांवरून पाण्याचा हात फिरवला. मग जिना उतरायला लागले. मी मागोमाग.

आंटी स्वयंपाकघरात सुकट निवडत बसल्या होत्या. दारात सावली पडली तशी त्यांनी वर बघितलं आणि त्यांचे हात थांबले. अंकल उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"तो होता," अंकल म्हणाले. "खरा होता. चौथा पण होता."

आंटी बघत राहिल्या.

"पण दुसऱ्यांनी आधी बघितलेला. आपल्याला नाय मिळणार." त्यांनी घसा खाकरला. एकदा, पुन्हा एकदा. "कार्मेलिनचं नाव नाय देता येणार त्याला."

मी बाजूला भिंतीला टेकून उभी होते. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. आंटींच्या हातातली सुकट परातीत पडली. त्यांनी काही विचारलं नाही, त्या ग्रहाबद्दल तर काहीच नाही.

"काय म्हणालास?"

"नाव नाय देता येणार म्हणालो."

"कुणाचं?"

अंकलनी चौकटीला हात लावला. "कार्मेलिनचं."

"परत बोल."

"कार्मेलिन," ते म्हणाले. त्यांनी ते नाव आणखी एकदा घेतलं, आणि आणखी एकदा. मी तिथून निघून अंगणात आले. रखरखीत ऊन होतं. शेजारच्या काचेच्या इमारतीत लोक जेवणाच्या सुट्टीवरून परत चालले होते. आतून बोलणं आलं नाही. आंटींचं नाक शिंकरणं तेवढं आलं, आणि थोड्या वेळाने अंकल बाहेर येऊन माझ्याकडे न बघता वर गेले.

कुणी विचारेल, मग दोघं बोलायला लागली का? नाही. म्हणजे फार नाही. इतक्या वर्षांची सवय अशी मोडत नाही. आंटी त्यांना वरचाच म्हणत राहिल्या. अंकल कंप्युटरपाशी बसत राहिले. जूनमध्ये मला दहिसरच्या शाळेत जागा मिळाली आणि मी खोली सोडायचं ठरवलं. ते सांगायला वर गेले तर अंकल म्हणाले, "दोन नंबरला तुझं नाव राहू दे. नाव असलं म्हणून तू यायलाच पायजे असं नाय." मग म्हणाले, "जायच्या आधी रविवारी चर्चला चल. सकाळची मराठी मिस्सा. काम हाय."

काय काम ते सांगितलं नाही. इतक्या महिन्यांत मी त्यांना चर्चला जाताना क्वचितच पाहिलं होतं, नाताळला आणि ईस्टरला तेवढं. आंटी मात्र दर रविवारी जात आणि पुढे, आपल्या मैत्रिणींबरोबर दुसऱ्या बाकावर बसत. त्या दिवशीही त्या आधीच जाऊन बसल्या होत्या. आम्ही दोघं उशिरा पोचलो आणि सगळ्यात मागच्या बाकावर जागा मिळाली. अंकलनी तोच सदरा घातला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा मिस्सेला आले होते, कधी उठायचं कधी बसायचं मला ठाऊक नव्हतं. "मी करतो तसं कर," ते कुजबुजले.

मिस्सा सुरू व्हायच्या आधी, लोक अजून बसून वारा घेत होते तेव्हा, एका मुलीने माइकवरून नावं वाचायला सुरुवात केली. आजची मिस्सा कुणाकुणाच्या आत्म्याच्या शांतीसाठी आहे त्यांची नावं. ज्यांच्या घरच्यांनी ऑफिसात येऊन सांगितलं होतं त्यांची. कुणी पेद्रू, कुणी मार्था, कुणाची पुण्यतिथी, कुणाला जाऊन महिना झालेला. ती भराभरा वाचत होती. पंखे घरघरत होते, पोरं बाकांखाली खेळत होती. मग दोन नावांच्या मध्ये तिने वाचलं, "कार्मेलिन."

आमच्या शाळेत पालकसभेला मुलाचं नाव पुकारलं की त्याचे आईवडील उभे राहतात. अंकल तसे उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, तशी रीतही नव्हती. सगळं चर्च बसलेलं होतं. मुलगी पुढची नावं वाचत गेली. मला कळेना, उठायचं की नाही. मी त्यांच्या सदऱ्याची कड हलकेच ओढली. त्यांना ते कळलंही नाही.

पुढे, दुसऱ्या बाकावर, आंटींनी मागे वळून पाहिलं. एवढ्या माणसांत त्यांना शोधावं लागलं नाही. उभे असलेले ते एकटेच होते.